तंबूंच्या शेजारी बंदुका

मंडळी, अजून धडधडतंय.

आज इथे नेदरलँड्समध्ये झूटरमेरजवळच्या एका मोठ्या दुकानात तंबू घ्यायला गेलो. सोबत सात वर्षांची माझी मुलगी ईरा आणि पुण्याहून आलेले माझे सासरे, निवृत्त हवालदार. तंबूंच्या शेजारीच छर्‍याच्या बंदुका मांडलेल्या.

एका गिऱ्हाईकाने बंदूक बघायला घेतली, खांद्याला लावली आणि नेम धरून वळला. नळी थेट ईरावर!

"खाली कर!" सासरे मराठीतच ओरडले आणि तिच्यापुढे उभे राहिले.

त्याने दचकून बंदूक खाली केली. विक्रेता हसला, "रिकामी आहे हो."

मी विचारलं, "उघडून पाहिलीत?"

मग त्याने उघडली. रिकामीच होती, पण तोवर त्याचाही चेहरा उतरला होता.

तक्रारीची मेल लिहून ठेवलीय. नवरा म्हणतो, "सोड." तुम्ही पाठवली असती?