जंगलाचं शहर, समुद्राचं शहर आणि मिरचीची कळी

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तेवढ्यावर सातबारा वाचता येतो, सही करता येते, आणि समोरचा चुकला तर त्याला तोंडावर चुकला म्हणता येतं. यापुढचं शिक्षण मला कधी लागलं न्हाई. पण बियाण्याच्या कंपनीनं एका पानाचा फॉर्म घरी पाठवला अन् पंधरा दिवस माझं डोकं उठवलं.

आमचं शेत जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या शिवारात. तिथं शेडनेटमधी आम्ही मिरचीचा प्लॉट घेतो. खायची मिरची न्हाई, कंपनीसाठी बी करायचं. मादीच्या झाडावरची कळी चिमट्यानं उघडायची, आतले केसर काढून टाकायचे, नराच्या फुलाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून लोकरीचा दोरा बांधायचा. एकेका कळीला असं. ह्याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. गेल्या साली आमच्या बियात भेसळ बिलकुल निघाली न्हाई, आमचा प्लॉट पहिला आला. कंपनीनं नवरा-बायकोला मलेशियाची सहल दिली. दोन शहरांपैकी एक निवडायचं होतं. कुचिंग म्हणून एक, घनदाट जंगलाच्या कडंला, जिथं बारा महिने पाऊस. दुसरं पेनांग, समुद्राच्या काठी, जुनी पेठ, देवळं, गाणं-बजावणं. दोघांनी मिळून एकच शहर घ्यायचं आणि सही प्लॉटधारकाची. प्लॉटधारक मी.

मी त्याच दिवशी ठरवलं, जंगल. आमच्याकडं आभाळ भरून येतं, सगळे अंगणात येऊन वर बघतात, आणि वारा ते आभाळ उचलून दुसऱ्याच्या शिवारात नेऊन टाकतो. आयुष्यभर हेच बघितलं. मंग जिथं पावसाला कुणी विचारतसुद्धा न्हाई, तो येतोच, असं गाव एकदा डोळ्यानं बघावं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या हॉटेलात सगळ्यांना सांगूनबी टाकलं, मी जंगलात चाललो. माझं एक हाय, बोललो की बोललो.

घरी येऊन ताटावर बसता बसता बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मला समुद्र बघायचाय."

"समुद्रात काय बघायचं? खारट पाणी. पिता येत न्हाई, पिकाला देता येत न्हाई."

"मला ना प्यायचंय ना पिकाला द्यायचंय. बघायचंय."

"अगं, रोज पाऊस पडतो तिथं."

"पाऊस मी इथंबी बघते. कमी असंल, पण बघते. समुद्र इथं न्हाई."

आता ह्याला काय बोलणार माणूस! मी ताटावरून उठलो, पण भूक होती म्हणून परत बसलो. ती हसली न्हाई, हे बरं झालं.

मंग आमची सून मध्ये पडली. तिच्या मोबाईलमधी सगळी दुनिया हाय. म्हणाली, "मामा, कुचिंगमधी चौकात मांजराचे पुतळे हायेत बघा. केवढे मोठे!" ती बिचारी माझ्याच बाजूनं बोलत होती. बायकोनं सैपाकघरातूनच आवाज दिला, "घरात तीन मांजरं हायेत. दूध झाकून झाकून हात दुखले. आता पुतळे बघायला विमानात बसू का?"

दुसऱ्या दिवशी शेडनेटमधी सुनेनं तिला पेनांग दाखवलं. रंगीत देऊळ, होड्या, भिंतीवर चित्रं. बायको चिमटा हातात घेऊन अर्धा तास उभी. मी म्हणालो, कळ्या वाट बघून राह्यल्या. तर म्हणाली, "कळ्यांचं मला सांगू नका."

हे मला तेव्हा लागलं न्हाई. नंतर लागलं.

जालन्याला खताच्या दुकानात गेल्तो, तर आमचे मारवाडी शेठ, तीन पिढ्यांपासून इथले, त्यांनीबी तेच. "दादा, पेनांग लिहा. तिथं शुद्ध शाकाहारी बराबर भेटतं. जंगलात तुम्ही काय खाणार, पाला?" मी म्हणालो, शेठ, तुम्ही युरियाचं बघा. बाहेर पडलो तेव्हा माझं कुचिंग आणखी पक्कं झाल्तं. जो तो समुद्राची वकिली करून राह्यला होता. सगळी दुनिया एका बाजूला झाली की मला दुसऱ्या बाजूला उभं राहावंच लागतं, हा माझा स्वभाव हाय आणि तो मी लपवत न्हाई.

घरी येऊन फॉर्मवर माझ्या अक्षरात कुचिंग लिहिलं, खाली सही ठोकली आणि फॉर्म कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. बायको भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती भांडली न्हाई. रोज शेडनेटमधून आली की हात धुता धुता विचारायची, "फॉर्म भरला?" मी म्हणायचो, "भरला." ती "बरं" म्हणायची. कोणतं शहर, हे एकदाबी विचारलं न्हाई. त्या "बरं"नं मी जेवढा वैतागलो, तेवढा कधी कुणाच्या शिवीनं वैतागलो न्हाई.

मंग एके दिवशी कंपनीनं दोघांना जालन्याला बोलावलं. फॉर्म जमा करायचा आणि कॅलेंडरसाठी फोटो काढायचा. कॅलेंडरवर माझा फोटो येणार म्हणून मी नवं धोतर नेसलो, पांढरा फेटा बांधला. एसटीनं जालना, तिथून रिक्षानं एमआयडीसी. ऑफिसच्या पाठीमागं कुंड्यांत मिरचीची झाडं होती, दाखवायला ठेवलेली.

फोटोवाला म्हणाला, "काका, क्रॉसिंग करताना फोटो काढू. नैसर्गिक वाटंल."

मी चिमटा घेतला. पहिली कळी देठासकट तुटली. हसलो, म्हणालो, चिमटा नवा हाय. दुसरी चुरगाळली. तिसरी खाली पडली. कंपनीचे साहेब बाजूला उभे होते. ते गमतीत म्हणाले, "काका, प्लॉट तुमचाच ना?"

गमतीत म्हणाले. पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. प्लॉटमधी पाणी मी सोडतो, फवारणी मी करतो, वादळात नेटच्या दोऱ्या मी धरतो, साहेब लोक आले की त्यांच्याशी मी बोलतो. कळीला मी कधी हात लावला न्हाई. आठ वर्षं मी तिच्या मागं उभं राहून "जल्दी करा, जल्दी करा" म्हणत आलो, आणि मला वाटत होतं क्रॉसिंग मला येतं.

बायको खुर्चीवर बसली होती, डोक्यावर पदर. उठली. "सरका तिकडं," म्हणाली. माझ्या हातातून चिमटा घेतला आणि झाडाकडं बघून म्हणाली, "ही आजच उमललीय. हिच्यात आता काय करणार? जी उद्या उमलणार ती घ्यावी लागते." झाडाभोवती फिरून तिनं एक कळी निवडली. मला त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. दोन बोटांत ती कळी अशी धरली जशी लहान लेकराची हनुवटी धरावी. केसर बाहेर, पराग आत, दोरा बांधून गाठ. फोटोवाला म्हणाला, "काकू, परत एकदा." तिनं परत केलं, दुसऱ्या कळीला. साहेबांचं हसणं बंद झाल्तं. ते वाकून बघत होते.

मंग आत टेबलाशी बसलो. साहेबांनी फॉर्म मागितला. मी दिला. त्यांनी वाचलं, "कुचिंग. बराबर ना काका?"

बराबर म्हणायला तोंड उघडलं आणि बाजूला बघितलं. बायको खिडकीबाहेर बियाण्याच्या गोण्या भरणारा ट्रक बघत होती. तिला आता कळलं होतं मी काय लिहिलं ते. तिनं मान वळवली न्हाई.

"थांबा," मी म्हणालो. "तिला विचारा."

"पण सही तुमची हाये काका."

"सहीचं सांगून राह्यलो न्हाई मी. तिला विचारा म्हणतोय."

साहेबांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पेनांग." वरून पाच-सहा प्रश्न. खोलीतून समुद्र दिसंल का. पाण्यात उतरू देतात का. कोणत्या वेळी पाणी वर येतं. सगळं सुनेकडून पाठ करून ठेवल्यासारखं. पंधरा दिवस गप्प बसलेली बाई! साहेबांनी कुचिंग खोडलं, पेनांग लिहिलं आणि म्हणाले, खाडाखोड केलीय तिथं सही लागंल. मी तिथंबी सही केली.

एसटीत मला वाटलं ती काहीतरी बोलंल. ती शेंगा सोलून खात बसली. बदनापूरचा एक ओळखीचा माणूस पुढच्या सीटवर होता, त्याच्याशी दोन गावच्या गप्पा मारल्या. उतरताना मला म्हणाली, "अहो, चहाच्या हॉटेलात आता काय सांगणार?"

"काय सांगायचं ते सांगीन."

सकाळी गेलो. मुद्दाम गेलो, गेलो नसतो तर माणसं म्हणाली असती तोंड लपवलं. चहा यायच्या आधीच एकानं विचारलं, "काय दादा, जंगलाची तयारी झाली का?"

"समुद्राला चाललो."

"आँ? तुम्ही तर म्हणत होते..."

"म्हणत होतो. क्रॉसिंग तिनं केलंय, शहरबी तिनं निवडलं."

एक म्हातारा, माझ्याच वयाचा, म्हणाला, "आमच्याकडंबी तीच करते. मी नुसता पाण्याचा कॉक फिरवतो." सगळे हसले. मी हसलो न्हाई. चहा पिलो आणि उठलो.

कॅलेंडर आलं. पानभर तिचा हात, चिमटा आणि कळी. पाठीमागं माझा अर्धा फेटा दिसतो, तोंड न्हाई. सुनेनं ते ओट्याच्या वर टांगलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते.

पुढच्या महिन्यात निघायचंय. बायकोनं मला रिकामी कॅन आणायला सांगितली, पाच लिटरची, समुद्राचं पाणी भरून आणायला. मी म्हणालो विमानात नेऊ देत न्हाईत. ती म्हणाली, तुम्ही विचारलं का कुणाला? विचारलं न्हाई. आता साहेबांना फोन लावून विचारावं लागणार. जंगलच भारी होतं, हे मी आजबी म्हणतो. कॅन आणलीय.