आत्याचा पोटदुखीवरचा इलाज

माणसं साठवलेल्या रजेत घराला रंग काढतात, नाहीतर पाहुण्यारावळ्यांची लग्नं उरकतात. माझी आत्या, जी एकतीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात सिस्टर आहे, दरवर्षी पंधरा दिवसांची रजा टाकते आणि आंतरराष्ट्रीय युवा शिबिरात फुकट राबायला जाते. यंदा तिने मलाही ओढलं. "घरी लोळून गादीला खड्डा पडलाय, चल." माझी नेमणूक खुर्च्यांवर झाली. सकाळी मांडायच्या, दुपारी उचलायच्या. आत्या प्रथमोपचाराच्या तंबूत.

त्या तंबूत मुरगळलेले पाय कमी आणि पोटदुखीच जास्त यायची. बारा-तेरा वर्षांची पोरं, पहिल्यांदा घर सोडून आलेली. ताप नाही, जीभ स्वच्छ, पोट मऊ, आणि दुखणं नेमकं संध्याकाळी पाचला. आत्या गोळी देत नसे. धुऊन वाळवलेल्या पट्ट्यांची टोपली पुढे सरकवायची आणि एक पट्टी गुंडाळून दाखवायची. ताण एकसारखा, कड सरळ. तीस देशांच्या पोरांशी ती आपल्याच भाषेत बोलायची, "अगं ढिली झाली, सोड, पुन्हा कर." आणि पोरं पुन्हा करायची. अर्ध्या तासात पोट दुखायचं थांबायचं.

"हे औषध कुठल्या पुस्तकात आहे?" मी विचारलं.

"हाताला काम असलं की डोळ्यांना पाणी काढायला फुरसत होत नाही. तू खुर्च्या बघ."

चौथ्या दिवशी तंबूत मैना आली. नाव आत्यानेच ठेवलेलं, कारण पोरगी शिबिरात कुणाशी चकार शब्द बोलत नव्हती. चार दिवसांत पावाचे चार तुकडे पोटात गेलेले. घरून फोन आला तेव्हा ती आईला म्हणाली, मला राहायचंय. दुभाष्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. राहायचं होतं, पण घास उतरत नव्हता. कार्यालयाने ठरवलं, शनिवारपर्यंत जेवली नाही तर विमानात बसवायची.

पहिल्या संध्याकाळी तिने चौदा पट्ट्या गुंडाळल्या आणि रात्री अर्धा वाडगा सूप प्याली. दुसऱ्या दिवशी वाडगा पुरा आणि वर पाव. तिसऱ्या दिवशी तिने एका दांडगट पोराची ढिली पट्टी सोडवून त्याच्या हातात परत दिली. आत्या मला म्हणाली, "सुटली बघ."

सुटली असती. पण वॉर्डाची सवय आडवी आली. वॉर्डात लिहिलं नाही ते केलंच नाही, असा हिशेब. म्हणून आत्या सगळं वहीत लिहायची: सायंकाळी पाच, पोटदुखी, ताप नाही, चौदा पट्ट्या गुंडाळल्या, अर्धा वाडगा सूप. ही वही शिबिराच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याच्या हाती लागली. काखेत कायम फाईल असायची म्हणून आम्ही त्याला फाईलराव म्हणायचो. शिबिरात एकाही पोराचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, नियमांचे आकडे मात्र तोंडपाठ.

"सिस्टर, मुलांकडून काम करवून घेता? ही बालमजुरी झाली."

"काय केलं मी?"

"तुमच्याच अक्षरात आहे. चौदा पट्ट्या."

"सोळा. दोन लिहायच्या राहिल्या."

मला हसू फुटलं. फाईलरावांना नाही. "वरून तपासणीला लोक येतायत. ही पानं फाडा, विषय मिटला. नाहीतर उद्या ओळखपत्र जमा करा. आणि आजपासून एकही मूल या तंबूत पट्ट्या गुंडाळताना दिसता कामा नये."

"मोठ्या डॉक्टरांनीही आजवर मला रुग्णाच्या वहीचं पान फाडायला सांगितलं नाही," आत्या म्हणाली. "आणि पोरीचं काय?"

"त्यासाठी आपला मनमोकळा कोपरा आहे."

हा कोपरा म्हणजे चार मऊ उशा आणि भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा फलक. आज कसं वाटतंय त्यावर बोट ठेवायचं. मैनाने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, कारण त्याशिवाय सोडत नाहीत हे तिला पहिल्या मिनिटात कळलं. रात्री ताट जसंच्या तसं परत. फाईलरावांनी त्यांच्या फाईलीत लिहिलं: मुलगी आनंदी. माझ्या हातात तेव्हा खुर्ची होती. ती मी खालीच ठेवली, हे माझं त्या शिबिरातलं सर्वात मोठं समाजकार्य.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आत्याने ओळखपत्र फाईलरावांच्या टेबलावर ठेवलं. वही पिशवीत टाकली आणि चालू पडली.

"आत्या, घरी?"

"घरी कशाला? रजा बाकी आहे माझी."

फाटकाच्या आत, पहारेकऱ्याच्या खोलीसमोर पाहुण्यांचा बाक होता. भेटायची वेळ चार ते सहा, सगळ्यांना खुली. चारला आत्या पाहुण्यांच्या वहीत सही करून बाकावर बसली आणि घरून आणलेल्या पट्ट्या गुंडाळू लागली. इतक्या वाईट की मलाच लाज वाटली. कडा वाकड्या, मधे पोकळ.

मैना लांबून बघत होती. मग जवळ आली. आत्याच्या हातातली पट्टी काढून घेतली, सोडवली आणि आमच्यासमोर पहिल्यांदा काहीतरी बोलली. शब्द कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. ढिली झाली, पुन्हा कर.

त्या रात्री सूप. शुक्रवारी सूप, पाव आणि सफरचंद. शनिवारचं विमान मैनाशिवाय गेलं.

फाईलराव बाकापाशी येऊन गेले. पाहुण्याने हातात काय धरावं याचा नियम त्यांच्या फाईलीत सापडेना. त्यांच्या अहवालात मैनाच्या जेवणाचं श्रेय मनमोकळ्या कोपऱ्याला गेलं. मी तो अहवाल वाचला आणि माझं डोकं फिरलं. तावातावाने चार पानी तक्रार लिहून आत्याला दाखवली. ती म्हणाली, "शुद्धलेखन बरंय. पाठव." पाठवली. उत्तर अजून यायचंय.

रविवारी साडेपाचला फाईलराव पुन्हा आले, यावेळी फाईलीविना. "सिस्टर, तिघांच्या पोटात दुखतंय. डॉक्टर म्हणतात काहीच नाही. जरा तंबूत येऊन बघता का?"

"ओळखपत्र?"

"ते... वरून ठरायचंय."

"मग मी पाहुणी," आत्या म्हणाली आणि बाकावर सरकून बसली. "अर्धा तास आहे. पोरांना इकडे पाठवा."