मंगळावर गेलेलं यान

मुरब्याच्या किनाऱ्यावर जाळी विणत बसणारे एक म्हातारे तांडेल, एकेकाळचे होडीचे प्रमुख, भुताखेतांच्या आणि परग्रहांच्या कादंबऱ्यांचे भलते शौकीन. मी तिथल्या शाळेत मास्तर. काय वाचायचं ते मला तेच सांगत, पण पुस्तक देण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "मास्तर, घरची सगली मानसं घरात हायत ना?" वाचून घाबरलो तर सोबत असावी म्हणून विचारतात, असं मला वाटे.

एकदा त्यांच्या हातात मंगळावर जाणाऱ्या यानाची कादंबरी होती. मी म्हणालो, "धाकटा भाऊ फौजेत आहे, सरहद्दीवर." त्यांनी ती जाळ्याखाली सारली आणि दुसरी काढली. "ही वाचा. भूत लय वाईट हाय, पन शेवटी सगली घरी येतात."

पुढे तीच मंगळाची कादंबरी ते बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना वाचून दाखवत होते. त्या बायकांची माणसं मासेमारीला दर्यात गेलेली, अजून परतायची होती. शेवटी यान धुरळा उडवत पृथ्वीवर सुखरूप परत उतरलं आणि बायकांनी पदराने डोळे पुसले. एवढी गोड गोष्ट मला का दिली नाही, म्हणून मी जरा फुरंगटलोच.

भाऊ सुट्टीवर आल्याचं कळताच तांडेलांनी ती आपणहून माझ्या हातात ठेवली. "आता वाचा."

शेवटच्या पानावर माणसं आभाळाकडे बघत उभी होती, आणि यान परत आलंच नव्हतं.

पलीकडच्या खाटेवर भाऊ घोरत होता. मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ ते घोरणं ऐकत बसलो.