कावळा शिवल्यानंतर

पटकी झाली म्हणून मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे शेजारच्या खाटेवरची बाई मेली आणि चुकून मीच मेल्याचा निरोप गेला माझ्या घरी. मी बरी होऊन बैलगाडीने जानेफळला उतरले, तेव्हा घरची माणसं माझा दहावा उरकून परतली होती.

सासूने दार अडवलं. "काऊन आली बाई? आताच तं तुह्या पिंडाले कावळा शिवला!"

"आत्याबाई, मी जित्ती हावो."

"भूत बी असंच म्हन्ते."

मला सगळं आठवत होतं, मनात विचार चालले होते, म्हणजे मी आहेच, असं मी स्वतःला सांगितलं. पण विचार तर भूतही करत असेल. मग मी मेले नाही हे मला तरी कशावरून कळणार? मी खाली वाकून माझेच पाय उलटे आहेत का ते पाहिलं. सरळ होते. सासूला ते पटलं नाही.

एवढ्यात आत माझं तान्हं रडलं. मला पान्हा फुटला आणि चोळी ओली झाली.

सासू चोळीकडे बघतच राहिली. मग दारातून सरली.

"घे त्याले आधी. बाकीचं मंग पाहू."