शेजाऱ्याची मोटरसायकल

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्या शेजारी राहणारा नागपूरचा माणूस कुठलंही काम उरकलं की 'डन' म्हणतो. बर्फ पडायच्या आधी तो आपली मोटरसायकल पाच महिन्यांसाठी गॅरेजात ठेवून देतो. मागच्या एप्रिलात ती सुरूच झाली नाही. जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसला होता. बायकोनं बजावलं, "पुन्हा असं झालं तर विकून टाकायची."

यंदा त्यानं टाकी काठोकाठ भरली, पेट्रोल टिकवायचं औषध ओतलं आणि झाकण लावलं. "डन, काकू!"

मी सहसा बोलत नाही. पण रॉकेलच्या स्टोव्हला मी वीस वर्षं पिन मारली आहे. म्हटलं, "औषध टाकीतच आहे. इंजिन चालवल्याशिवाय ते खाली कार्बोरेटरमध्ये कसं उतरेल?"

तो हसला नाही. त्यानं बाटलीवरचं पुन्हा वाचलं, गाडी बाहेर काढून सुरू केली आणि घड्याळ बघत दहा मिनिटं थंडीत उभा राहिला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "ऐक ना, काकूंनी माझी चूक पकडली!"

आपली चूक इतक्या आनंदानं ओरडून सांगणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहिला.