मामांच्या हाताचा पीळ

माझ्या बायकोच्या मामांनी एकदा बंद केलेली वस्तू उघडू शकेल असा माणूस उभ्या नागपुरात जन्मलेला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. नळ असो, लोणच्याची बरणी असो, मामांचा हात फिरला की संपलं. लग्नानंतर पहिल्यांदा सक्करदऱ्याला त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो, तर सकाळी त्यांनी प्रेमानं डबा बंद करून हातात दिला. तो ऑफिसात मी, हेडक्लार्क आणि चपराशी मिळून उघडू शकलो नाही. संध्याकाळी मी उपाशी परत. मामा खूश. "ढिलं ठेवनं म्हंजे जबाबदारी टाळनं हाय, जावईबापू," म्हणत त्यांनी तो दोन बोटांनी उघडला. सदऱ्याच्या खिशात कायम पाना. कुणाच्या सायकलचा नट सैल दिसला, की मालकाला न विचारता आवळून मोकळे. घरात पाणी हवं असलं की त्यांची एकुलती एक लेक सुमी "बाबा, नळ!" अशी हाक मारी आणि मामा भरल्या ताटावरून उठून येत. त्या हाकेची त्यांना कोण ऐट होती!

असल्या माणसानं घरी मोटार बांधली नसती तरच नवल. इतवारीतल्या भंगारवाल्यांकडून एकेक भाग आणून त्यांनी ती अंगणात उभी केली. सांगाडा एका गाडीचा, मागचा अॅक्सल दुसरीचा, दारं पत्र्याच्या टाकीची. सुमीला ती शाळेत असतानाच शब्द दिला होता, तुझी बिदाई याच गाडीतून. म्हणून लग्नाच्या तोंडावर मामांनी मागची चाकं खोलली, नवं ग्रीस भरलं आणि बेअरिंगं स्वतः बसवली. लग्नाच्या आदल्या दिवशी पाहावं तर मागची दोन्ही चाकं जाम! आम्ही घड्याळाकडे पाहू लागलो, मामा पान्याकडे. मी भीत भीत टॅक्सीचं नाव काढलं, तर त्यांनी असं पाहिलं की मी मुकाट्यानं जॅक आणायला गेलो.

गाडी मागून उचलली. हँडब्रेकची तार सोडली, चाक ढिम्म. ब्रेकचे ड्रम काढले. आत काही अडकलेलं नाही. गिअरकडून येणारा दांडा सुटा केला, तरी अॅक्सल फिरेना. दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यातलं तेल काढून मामांनी बोटांत चोळलं, लोखंडाचा कीससुद्धा नाही, म्हणजे आतले दाते शाबूत. दर वेळी ते मोठ्या समाधानानं "इथं नाही" म्हणत, जणू आता गाडी चालायचंच काय ते बाकी होतं. मांडवात पाहुणे जमले आणि जो तो येऊन चाकाला हात लावून गेला. सुमी दारात उभी होती. मामी चहा घेऊन आल्या, त्यांनी विचारलं की ही चाकं शेवटी बसवली कोणी? मामा छाती काढून म्हणाले, मी.

"तुमी आवळलेली बरणी मले आजवर उघडता आली नाही," मामी म्हणाल्या, "मंग थे चाक काहून फिरन?"

मामांचा चहा तसाच राहिला. त्यांनी पाना काढला आणि बेअरिंगवरचा नट जरासा मागे घेतला. जन्मात पहिल्यांदा त्यांना काही ढिलं ठेवताना मी पाहिलं. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. चाक एका बोटानं फिरू लागलं. सगळे हसले, सुमी टाळ्या पिटायला लागली, आणि मामा मात्र ते फिरणारं चाक बघत बसले. गाडी चालू झाली म्हणजे लेक जाणार, हे त्यांच्या ध्यानात बहुधा तेव्हाच आलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच गाडीतून सासरी गेली. चालवायला मामाच होते, आणि इतकी हळू गाडी मी आजतागायत पाहिलेली नाही.

पुढं सक्करदऱ्याला गेलो की अंगणातला नळ ठिबकताना दिसे. मला ते बघवेना, म्हणून एकदा उठून घट्ट बंद करायला लागलो. खाटेवरून मामांनी मला थांबवलं.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "सुमी आली अन् मी झोपेत असलो, त तिले उघडता आला पायजे."