मामांचे तीन वाटे

देवाला नमस्कारसुद्धा एका दमात न करणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मलकपेठच्या गंजात, म्हणजे घाऊक बाजारात, त्यांची मिरचीची अडत. पहिला नमस्कार घरी देवापुढे, दुसरा गाळ्याचं शटर उघडताना, आणि तिसरा दिवसाचा भाव काय निघतो ते बघून. "सगळाच आधी देऊन टाकला, तर मग त्याला माझी गरज काय राहिली?" असं ते म्हणत. मिरची विकायची रीतही हीच. माल भरला की तीन वाटे: एक लगेच विकायचा, दुसऱ्याचा पुढच्या महिन्याचा भाव आजच पक्का करून ठेवायचा, तिसरा कोल्ड स्टोरेजात. चीनवाले कधी खरेदीला तुटून पडतील आणि ढाक्याचा व्यापारी कधी फोन उचलायचा बंद करील, याचा नेम नाही. "एखादा वाटा चुकतोच रे बाबू. पण तिन्ही मिळून चुकत नाहीत."

गंजापुरतं ठीक होतं, पण मामा आंबेही तीन खेपांत घेत. सकाळी चार, दुपारी चार, आणि भाव उतरल्यावर संध्याकाळी चार. शेवटचे चार बहुधा दबलेले निघत. आत्या कपाळाला हात लावी, तर हे म्हणत, "सरासरी गोड आहे." सदऱ्याचं कापड तीन दुकानांतून आणत, त्यामुळे त्यांच्या अंगावर एकाच वेळी तीन प्रकारचा पांढरा रंग असे. गावी जायचं तर रेल्वेचं तिकीट काढून शिवाय गौलीगुड्याच्या स्टँडवरून बसची जागा धरून ठेवत. मुलीच्या लग्नात एक तेलुगू स्वयंपाकी आणि एक बिदरचा, असे दोन सांगितले. एखादा तरी दगा देईल अशी खात्री होती. दोघंही वेळेवर आले. वऱ्हाडाने पुरणपोळीबरोबर पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खाल्ला आणि आम्ही पुढे चार दिवस तेच खाल्लं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मामांना तर माझ्यापेक्षा जास्त. पदवी मिळाली तेव्हा त्यांनी तिच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक काचेची चौकट करून गाळ्यात. "एक गेली तर दोन राहतील." पुढे मला एका निर्यात कंपनीत नोकरी लागली. परदेशात शेतमालाचे भाव कितीही वरखाली झाले तरी कंपनीला झटका बसू नये, हे बघायचं माझं काम. मामांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे माझंच काम. फक्त एसीत."

दोन वर्षांपूर्वी ते चिक्कडपल्लीला माझ्या घरी आले. तीस वर्षं भाड्याने असलेला गाळा मालक विकायला काढत होता आणि मामांना तो घ्यायचा होता. त्या हंगामाची सगळी मिरची त्यासाठीच होती.

"बाबू, तुझा कंप्युटर काय म्हणतो?"

चीनची खरेदी थांबलेली होती. मी म्हणालो, "मामा, सगळी काढून टाका. भाव तुटणार."

"सगळी? तीन वाटे नक्को?"

"तुमच्या त्या वाट्यांचे दिवस गेले, मामा. आता सगळे आकडे समोर दिसतात."

 मामा म्हणाले, "हौ. तू शिकलेला आहेस."

त्याच आठवड्यात मी ऑफिसात साहेबांना लिहून दिलं होतं की माल एकदम विकू नये, तीन टप्प्यांत विकावा. कंपनीचा माल होता तेव्हा मी घाबरून लिहिलं. मामांपुढे मला हुशार दिसायचं होतं.

दोन महिन्यांत चीनवाले परत आले आणि भाव असा चढला की गंजात लोक एकमेकांना थांबवून सांगत होते. मामांकडे एक पोतंही उरलं नव्हतं. गाळा दुसऱ्याने घेतला. मी तीन रविवार मामांकडे गेलो नाही. चौथ्या रविवारी गेलो, तेव्हा गाळ्याशेजारचा अडत्या चहा पीत बसला होता. त्याने टोमणा मारला, "काय हो, घरात एवढा शिकलेला माणूस, आणि असं कसं झालं?" मामांनी क्षणभरही वेळ लावला नाही. "तो तर नको म्हणत होता बिचारा. घाई माझीच."

 माझ्या कपातला चहा संपला होता, तरी मी पीत राहिलो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या अडत्यासमोर ते मी अजून बोललेलो नाही.

आता मामा दुसऱ्याच्या गाळ्यात एका कोपऱ्यात बसतात. आंबे अजून तीन खेपांत आणतात. मी गेलो की पोरांच्या शाळेचं विचारतात, माझ्या पाठदुखीचं विचारतात, मेट्रोला गर्दी होती का विचारतात. भावाचं विचारत नाहीत. मी वाट बघत बसतो. विचारलं तर "मला माहीत नाही, मामा" असं सांगायचं मी घरून ठरवून येतो.

त्या कोपऱ्यात एकच खिळा आहे. त्याला त्यांनी माझी पदवी लावली आहे. मिरचीच्या धुळीने काच लाल होते, आणि मी येताना दिसलो की ते उठून धोतराच्या सोग्याने ती पुसतात.